यादी पडद्यावर नीट, कागदावर बिघडलेली : एक्सेलच्या तक्त्यांची तपासणी कशी करावी

लक्षणे

शेवटचा रकाना, बहुधा ‘शेरा’ किंवा ‘सही’, एकटाच तुटून वेगळ्या पानावर जातो आणि वीस पानांची यादी चाळीस पानांची होते. मथळे पहिल्या पानावर येतात, पण दुसऱ्या पानापासून कोणता आकडा कशाचा हे कळत नाही. यादी संपल्यावरही प्रिंटरमधून कोरी पाने निघत राहतात. पडद्यावर नीट दिसणाऱ्या रकमेच्या जागी कागदावर #### अशी चिन्हे उमटतात. आधार क्रमांकाच्या जागी मध्येच इंग्रजी ‘ई’ आणि अधिकचिन्ह असलेला भलताच आकडा दिसतो, खाते क्रमांकाच्या सुरुवातीचे शून्य नाहीसे होते, गट क्रमांक ७/२ टाइप केलेला असताना तिथे ७ फेब्रुवारी ही तारीख येते. मराठी नावांच्या जागी इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. कधी तर प्रिंटरमध्ये कागदांचा गठ्ठा असूनही नारिंगी दिवा लुकलुकत राहतो आणि एकही पान बाहेर येत नाही.

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे टायपिंग आणि झेरॉक्सचे दुकान आहे. अतिवृष्टीनंतर पंचनामे झाले की बाधित शेतकऱ्यांच्या याद्या, मार्चअखेरीला ग्रामपंचायतीचे नमुना ८ आणि नमुना ९, वर्षभर बचत गटांच्या हप्त्यांचे आणि शाळांच्या पोषण आहाराचे तक्ते असे सारे काही पेनड्राइव्हवर नाही तर व्हॉट्सॲपवर माझ्याकडे येते. “भाऊ, आखरीचा रकाना दुसऱ्याच पानावर जाऊन राह्यला, तुमचा प्रिंटर बिघडला काय?” हा प्रश्न आठवड्यातून दोन-तीनदा तरी ऐकायला मिळतो. प्रिंटर बहुतेक वेळा ठीकच असतो. बिघाड फाईलमध्ये असतो आणि तो दोन प्रकारचा असतो. एका प्रकारात फक्त कागद वाया जातो. दुसऱ्यात आकडाच बदलतो, आणि त्या आकड्यावर कुणाच्या तरी नुकसानभरपाईचे पैसे अवलंबून असतात. पहिला प्रकार तपासायला सोपा आणि फुकटचा आहे म्हणून तो आधी घेतो, पण जीव लावून पाहायचा तो दुसरा.

कागद खर्च करण्याआधीची तपासणी

कंट्रोल आणि पी ही बटणे दाबल्यावर उजव्या बाजूला पानाचे चित्र येते आणि त्याच्या खाली एकूण किती पाने होणार हा आकडा दिसतो. तो आकडा आपल्या अंदाजाच्या दुप्पट असेल तर रकाने तुटत आहेत, आणि अंदाजापेक्षा दोन-चारच पाने जास्त असतील तर शेवटी कोरी पाने आहेत, एवढे निदान कागद न लावता होते. फाईल व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलवरून आली असेल तर वर पिवळी पट्टी दिसते आणि छपाई बंद असते. फाईल ओळखीच्या माणसाकडून आली असल्याची खात्री करून मगच ‘एनेबल एडिटिंग’ दाबावे. पुढे सगळे ठीक वाटले तरी आधी पहिले आणि शेवटचे अशी दोनच पाने छापून पाहावीत. चाळीस पाने छापून झाल्यावर चूक सापडली तर तो खर्च यादी घेऊन आलेल्या माणसाच्या खिशातून जातो.

त्यानंतर कागदाचा आकार पाहावा. संगणकाची प्रादेशिक मांडणी अमेरिकेची राहिलेली असेल तर नवी फाईल ‘लेटर’ आकारात तयार होते. आपल्या प्रिंटरमध्ये एफोर कागद असतो. लेटर २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, तर एफोर २१० बाय २९७ मिलिमीटरचा. फरक थोडा आहे, पण काही प्रिंटर नेमके लेटरच मागत थांबून राहतात, आणि वर सांगितलेल्या नारिंगी दिव्याचे कारण कितीतरी वेळा एवढेच असते. ‘पेज लेआउट’मधील ‘साइझ’ या जागी एफोर निवडावे. मोठ्या यादीसाठी लीगल कागद वापरणार असाल तर फाईल आणि प्रिंटर अशा दोन्ही ठिकाणी लीगलच निवडलेला हवा. एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरे निवडले तर खालच्या ओळी कापल्या जातात.

रकाने एका पानात बसवणे

नुकसानीच्या यादीत अनुक्रमांक, नाव, गट क्रमांक, एकूण क्षेत्र, पीक, बाधित क्षेत्र, बँक, खाते क्रमांक, आयएफएससी कोड, आधार, मोबाईल आणि शेरा असे बारा रकाने सहज होतात. एफोर कागद उभा ठेवून नेहमीचा समास सोडला तर रुंदीला सुमारे १७४ मिलिमीटर जागा उरते. तोच कागद आडवा केला तर २६१ मिलिमीटर मिळते, आणि समास ‘नॅरो’ केला की २८४ मिलिमीटर. म्हणून बारा रकान्यांची यादी उभ्या कागदावर बसवण्याच्या फंदात पडू नये. आधी ‘लँडस्केप’ निवडावे, मग समास कमी करावा, आणि त्यानंतरही एखादा रकाना बाहेर राहत असेल तरच छपाईच्या पडद्यावरील ‘नो स्केलिंग’च्या जागी ‘फिट ऑल कॉलम्स ऑन वन पेज’ हा पर्याय घ्यावा.

हा क्रम मी मुद्दाम सांगतो, कारण बहुतेक जण थेट शेवटचा पर्याय दाबतात. त्याने रकाने बसतात, पण अक्षर बारीक होते. ११ पॉइंटचे अक्षर निम्मे झाले की साडेपाच पॉइंटचे उरते, आणि मराठीत वर रफार, अनुस्वार आणि खाली उकार असतात, ते एवढ्या आकारात एकमेकांत मिसळून जातात. चावडीवर लावलेल्या यादीत म्हातारा माणूस बोट फिरवत आपले नाव शोधतो, त्याला ते वाचता आले पाहिजे. माझ्या मते ७० टक्क्यांच्या खाली जाऊ नये. ‘पेज लेआउट’मधील ‘स्केल’ या चौकटीत स्वतः ७० लिहून पाहावे, आणि तेवढ्यावरही रकाने मावत नसतील तर लीगल कागद घ्यावा किंवा छापील प्रतीपुरते नको असलेले रकाने लपवावेत. चावडीवर लावायच्या प्रतीत आधार आणि खाते क्रमांकाचे रकाने तसेही छापू नयेत. ती प्रत साऱ्या गावासमोर असते.

‘फिट शीट ऑन वन पेज’ हा शेजारचाच पर्याय चुकून निवडला जातो. त्याने तीनशे ओळी एका पानात कोंबल्या जातात आणि कागदावर मुंग्यांची रांग दिसते.

मथळे दुसऱ्या पानापासून गायब होण्याचे कारण वेगळे आहे. ‘फ्रीझ पेन्स’ करून पडद्यावर मथळा जागेवर थांबतो, म्हणून तो कागदावरही येईल असे पुष्कळांना वाटते, पण त्या सोयीचा छपाईशी काहीही संबंध नाही. त्यासाठी ‘पेज लेआउट’मधील ‘प्रिंट टायटल्स’ उघडून ‘रोज टू रिपीट ॲट टॉप’ या जागी मथळ्याची ओळ निवडावी लागते. छपाईच्या पडद्यावरून ‘पेज सेटअप’ उघडले तर ही जागा फिकट दिसते आणि निवडता येत नाही, तेव्हा परत शीटवर येऊन ‘पेज लेआउट’मधूनच जावे.

कोरी पाने आणि न छापलेल्या ओळी

कंट्रोल आणि एंड दाबल्यावर एक्सेल वापरात आलेल्या शेवटच्या सेलवर जाऊन थांबते. यादी ३१२ व्या ओळीला संपत असताना कर्सर ९०० व्या ओळीवर गेला, तर मधल्या जागेत कुणी तरी रेघा आखून ठेवल्या आहेत किंवा एखाद्या सेलमध्ये नुसता स्पेस पडला आहे, असे समजावे. तिथे डिलीट बटण दाबून काम होत नाही, कारण त्याने मजकूर जातो आणि रेघा तशाच राहतात. डावीकडच्या ओळ क्रमांकांवरून त्या सगळ्या ओळी निवडाव्यात, उजवे बटण दाबून ‘डिलीट’ करावे आणि फाईल सेव्ह करावी.

याच्या उलट त्रासही होतो. आधीच्या कुणीतरी ‘सेट प्रिंट एरिया’ करून ठेवलेले असते, त्यानंतर खाली चाळीस नावे वाढवली जातात, आणि ती चाळीस नावे छापलीच जात नाहीत. पाने नीट आल्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. म्हणून दुसऱ्याकडून आलेल्या प्रत्येक फाईलमध्ये मी आधी ‘क्लिअर प्रिंट एरिया’ करतो, आणि छापलेला शेवटचा अनुक्रमांक पडद्यावरच्या शेवटच्या अनुक्रमांकाशी जुळवून पाहतो.

#### या चिन्हांचा अर्थ इतकाच की आकडा रकान्यात मावत नाही. पडद्यावर दिसत नसताना ती कागदावर येतात, कारण छपाईत अक्षरांची रुंदी पडद्यापेक्षा किंचित वेगळी पडते. रकान्याच्या कडेवर दोनदा क्लिक करून रुंदी जुळवून घ्यावी आणि शिवाय थोडी जास्तीची रुंदी मोकळी ठेवावी. ओळीची उंचीही अशीच जराशी वाढवावी, नाही तर दोन ओळींत मोडलेल्या नावाची खालची ओळ कागदावर अर्धी कापली जाते.

कॉपी करताना होणारी हानी

सबंध यादीची दुसरी प्रत हवी असेल तर सेल निवडून कॉपी-पेस्ट करू नये. खालच्या शीटच्या नावावर उजवे बटण दाबून ‘मूव्ह ऑर कॉपी’ घ्यावे आणि ‘क्रिएट अ कॉपी’वर खूण करावी. रकान्यांची रुंदी, समास, कागदाचा आकार, मथळ्याची ओळ हे सारे त्याबरोबर जसेच्या तसे येते. तुकडाच हवा असेल तर पेस्ट करताना ‘कीप सोर्स कॉलम विड्थ्स’ निवडावे. बेरजेचे रकाने दुसऱ्या फाईलमध्ये नेताना ‘पेस्ट स्पेशल’मधील ‘व्हॅल्यूज’ घ्यावे, नाही तर सूत्र जुन्या फाईलकडेच पाहत राहते आणि दर वेळी दुवे ताजे करायचे का, असे विचारत बसते.

फिल्टर लावलेल्या यादीत पेस्ट करणे ही सर्वांत घातक चूक आहे. एकदा एका गावच्या रोजगार सेवकाने तीन गावांच्या एकत्रित यादीला आपल्या गावापुरते फिल्टर लावले आणि दुसऱ्या फाईलमधून आणलेले खाते क्रमांक त्यात पेस्ट केले. फिल्टर लावलेल्या यादीतून कॉपी करताना एक्सेल दिसणाऱ्या ओळीच घेते, पण त्याच यादीत पेस्ट करताना लपलेल्या ओळींनाही धरून एकाखाली एक भरत जाते. त्यामुळे त्याच्या गावच्या माणसांचे खाते क्रमांक शेजारच्या गावच्या नावांपुढे जाऊन बसले, आणि ती नावे लपलेली असल्याने त्याला त्यातले काहीच दिसले नाही. छापताना फिल्टर काढला तेव्हा एकच खाते क्रमांक दोन नावांपुढे आढळला, म्हणून ते लक्षात आले. तेव्हापासून माझा नियम आहे, की पेस्ट करण्याआधी फिल्टर काढायचा, यादी गावानुसार क्रमाने लावून घ्यायची आणि मगच पेस्ट करायचे. क्रम लावतानाही एकच रकाना निवडू नये. ‘एक्सपांड द सिलेक्शन’ विचारले तर होच म्हणावे, अन्यथा नावे हलतात आणि आकडे जागच्या जागी राहतात. हाताने लपवलेल्या ओळी मात्र कॉपीबरोबर जातात. त्या नको असतील तर निवड केल्यावर ऑल्ट आणि अर्धविराम ही बटणे दाबून मग कॉपी करावे.

बदललेले आकडे

साधी कसोटी अशी आहे, की ज्या आकड्यांची बेरीज कधीच करायची नसते ते आकडे एक्सेलच्या दृष्टीने मजकूर असले पाहिजेत. आधार, खाते, मोबाईल आणि गट क्रमांक हे मजकूर, तर क्षेत्र आणि रक्कम या संख्या. टाइप करायला बसण्याआधीच ते रकाने निवडून, कंट्रोल आणि १ दाबून, ‘टेक्स्ट’ हा प्रकार ठरवावा. नंतर ठरवून उपयोग नाही, कारण गेलेले शून्य परत येत नाही. डावी-उजवी मांडणी (अलाइनमेंट) मुद्दाम ठरवून न दिलेल्या रकान्यात मजकूर डावीकडे चिकटतो आणि संख्या उजवीकडे, त्यामुळे नुसत्या नजरेनेही ओळखता येते.

सर्वसाधारण प्रकारच्या सेलमध्ये एक्सेल ११ अंकांपर्यंतची संख्या सरळ दाखवते. आधार १२ अंकी असल्याने तो ‘ई’च्या रूपात जातो. मूळ आकडा आत सुरक्षित असतो आणि प्रकार ‘नंबर’ करून दशांश स्थळे शून्य केली की पुन्हा दिसतो. १६ अंकी खाते क्रमांकाचे तसे नाही. एक्सेल १५ अंकच अचूक ठेवते आणि सोळाव्या अंकाच्या जागी शून्य घालते. खाते क्रमांकांच्या रकान्यात ओळीने सगळ्यांच्या शेवटी शून्यच दिसत असेल तर तिथेच थांबावे. त्या फाईलमधून खरा अंक काढण्याचा कोणताही उपाय नाही, पासबुक पाहूनच तो पुन्हा लिहावा लागतो.

गट क्रमांकाची गोष्ट याहून फसवी आहे. १२/३ किंवा ७/२ लिहिले की ती तारीख होते आणि ११२/३ मात्र तसाच राहतो, म्हणून यादीतील काहीच क्रमांक बिघडतात आणि चटकन लक्षात येत नाहीत. नंतर प्रकार ‘टेक्स्ट’ केला तर ७ फेब्रुवारी २०२४ च्या जागी ४५३२९ असा आकडा दिसतो, कारण एक्सेल तारीख म्हणजे १ जानेवारी १९०० पासून मोजलेले दिवस धरते. हा पाच अंकी आकडा गट क्रमांक समजून पुढे पाठवला गेलेला मी पाहिला आहे. सातबारा समोर ठेवून तो क्रमांक पुन्हा लिहिणे हाच सुरक्षित मार्ग.

क्षेत्राच्या रकान्यात १.२० लिहिले की एक्सेल १.२ दाखवते. गणिताला त्याने काही होत नाही, पण आपल्याकडे १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर असे वाचतात, आणि १.२ दिसले की कुणी ते १ हेक्टर २ आर समजतो. अठरा आरचा फरक शेतकऱ्याला परवडणारा नाही. त्या रकान्याला दोन दशांश स्थळे ठरवून द्यावीत.

मजकूर म्हणून ठेवलेल्या आकड्यांच्या सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण येतो. तो चूक नसून सूचना आहे. त्यावर क्लिक करून ‘कन्व्हर्ट टू नंबर’ दाबले की केलेली मेहनत वाया जाते. शेजारच्या रिकाम्या रकान्यात एलईएन हे सूत्र लावून अंक मोजावेत. आधारचे १२, मोबाईलचे १० आणि आयएफएससीची ११ अक्षरे आली पाहिजेत. आयएफएससीचे पाचवे अक्षर नेहमी शून्य असते, तिथे इंग्रजी ‘ओ’ टाइप झालेला पुष्कळदा सापडतो.

पोर्टलवरून उतरवलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साध्या मजकुराची फाईल) दोनदा क्लिक करून उघडू नये. तशी उघडून सेव्ह केली की ‘ई’च्या रूपातील आकडा तसाच कायमचा लिहिला जातो. कोरी फाईल उघडून ‘डेटा’मधील ‘फ्रॉम टेक्स्ट’ या मार्गाने ती आणावी, लिपीसाठी यूटीएफ-८ निवडावे म्हणजे मराठी नावे शाबूत राहतात, आणि आकड्यांचे रकाने ‘टेक्स्ट’ करून घ्यावेत.

अक्षरे आणि दुसरा संगणक

नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे दिसली तर त्या सेलवर क्लिक करून वरच्या सूत्रपट्टीत पाहावे. तिथेही इंग्रजीच दिसत असेल तर फाईल कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये आहे आणि तो फॉन्ट तुमच्या संगणकावर नाही. सूत्रपट्टीत मराठी दिसत असेल तर मजकूर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांवर सारख्याच चालणाऱ्या अक्षरपद्धतीत आहे, आणि सेलचा फॉन्ट बदलून मंगल किंवा निर्मला केला की काम होते. जुन्या फॉन्टचे युनिकोडमध्ये रूपांतर करताना फक्त नावांचे रकाने घ्यावेत. सगळी शीट एकदम रूपांतरित केली तर आयएफएससी कोडही मराठी अक्षरांत जातो. रूपांतरानंतर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासावेतच.

घरच्या संगणकावर नीट बसलेली यादी दुकानात आल्यावर पुन्हा तुटते, कारण रकान्याची रुंदी फॉन्टमधील शून्याच्या रुंदीवर आणि पानांची तोड निवडलेल्या प्रिंटरवर ठरते. म्हणून घरीच पीडीएफ करून आणावी आणि एक्सेलची मूळ फाईलही सोबत ठेवावी. काम झाल्यावर आधार क्रमांकांची फाईल दुकानातल्या संगणकावरून पुसायला सांगण्यात संकोच करू नये.

कुठे थांबावे

प्रिंटरच्या स्वतःच्या बटणांवरून चाचणी पान काढावे. त्यावरही काळे पट्टे, फिकट भाग किंवा अक्षरांची सावली येत असेल तर दोष यंत्रात आहे आणि फाईलमध्ये कितीही बदल केले तरी तो जाणार नाही. तेव्हा दुरुस्ती करणाऱ्याला बोलवावे. अडकलेला कागद ओढून फाटला आणि तुकडा आत राहिला, तरीही लेझर प्रिंटर स्वतः उघडून बसू नये, कारण आतला तापणारा भाग बराच वेळ गरम राहतो.

फाईल उघडताना ती खराब झाल्याचा संदेश आला तर आधी तिची प्रत काढावी, त्या प्रतीवर ‘ओपन अँड रिपेअर’ एकदाच करून पाहावे आणि न जमल्यास मूळ फाईलला हात न लावता जाणकाराकडे द्यावी. कार्यालयाकडून आलेल्या विहित नमुन्याला पासवर्ड असेल तर तो तोडू नये. त्यातील रकान्यांचा क्रम पुढे पोर्टलवर चढवताना लागतो, एक रकाना सरकला तरी यादी परत येते. तालुक्याच्या संगणक चालकाला फोन करून तोच नमुना छापण्यासाठी मोकळा करून मागावा. आणि खाते किंवा आधार क्रमांकाचा अंक गेल्याची शंका असेल तर तिथे संगणकाचा जाणकारही कामाचा नाही. यादी छापायची थांबवावी, पासबुके मागवावीत, आणि एकाने वाचून दाखवायचे व दुसऱ्याने पडद्यावर पाहायचे, अशा रीतीने पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत ती जुळवावी.